शून्याचं तिकीट

सकाळची सहा चाळीसची, बेळगाव ते बाची.
मशीनचं बटण दाबतो, चिटोरा बाहेर येतो:
महिला एक, भाडे शून्य.
वीस वर्षं मी सुट्ट्यांवरून भांडलो,
"उतरताना देतो" म्हणत कित्येकांचे रुपये बुडवले.
आता कातडी पिशवीत नाण्यांचा आवाज कमी
आणि गाडीत बायकांचा जास्त.

पुरुष कुरकुरतात.
दाराजवळचे रिटायर्ड मास्तर रोज तेच:
"फुकटानं देश बुडूलालाय."
मी म्हणतो, सर, पाय जरा आत घ्या,
तिला डबा ठेवायचाय.

तिला म्हणजे मलप्रभा पावशेला.
नाव नदीचं, वाहते फक्त जीभ.
शिनोळीच्या फॅक्टरीत काजू फोडते.
टरफलाच्या तेलानं बोटं काळी,
अंगठ्यावरच्या रेषा कधीच्या गेल्या.
रेशनच्या मशीनला ती ओळखू येत नाही:
तीनदा अंगठा, पदराला पुसून चौथ्यांदा,
मग दुकानदार म्हणतो, "नाळे बा."
उद्या ये.
पूर्वी दारावर भुतासाठी लिहायचे, तेच.

माझं शून्य तिचा अंगठा मागत नाही.
कार्डावरचा फोटो बघतो, तिला बघतो,
दोघी रागातच असतात.

आधी या बायका मुकादमाच्या टेम्पोनं जायच्या.
टेम्पो फुकट, असं तो म्हणायचा,
आणि शनिवारी हिशेबातून रोजचे वीस कापायचा.
दर त्यानं सांगायचा,
तुकडा पडला की त्यानंच तोडायचे पैसे,
जिला पटत नाही तिनं उतरावं.
कुठं उतरावं? संध्याकाळी सातला, काजूच्या रानात?
नाही म्हणायला परतीची गाडी लागते.
एवढी साधी गोष्ट
मला पन्नाशी उलटल्यावर कळली,
तीही तिकिटं फाडता फाडता.

उचगाव फाट्यापासून सुरू व्हायचं:
"तुला किती दिल्यान गे?"
लगमव्वाला किलोला चोवीस, मलप्रभाला बावीस,
बेक्किनकेरेच्या नव्या पोरीला वीस.
काजू तोच, तेल तेच.
मी कान दुसरीकडे आहेत असं दाखवत
पुढचे स्टॉप ओरडत राहिलो.

एका सोमवारी अकराच्या परतीला
एकतीस जणी पुन्हा माझ्याच गाडीत.
मी विचारलं, काय गे, सुट्टी?
कुणी उत्तर दिलं नाही.
अकरालाच डबे उघडले,
गाडीभर लसणाच्या चटणीचा वास.
मंगळवारी गेल्या, आल्या.
बुधवारी गेल्या, आल्या.
मास्तरसुद्धा गप्प होते.
गुरुवारी अकराची गाडी मी रिकामी आणली
आणि वाटेत कुणासाठी तरी
उगाचच दोनदा थांबवली.

दर झाला सत्तावीस, सगळ्यांना सारखा.
तुकड्याचे पैसे अजून तोडतातच.
मालकानं फोडायचं यंत्र मागवलंय म्हणे.
"येऊ दे की," मलप्रभा म्हणते,
पण त्या दिवशी तिनं खिडकीची जागा
दुसरीला दिली, आणि बोलली नाही.

बाचीला सगळ्या उतरतात.
पुढं हद्द, तिथं शून्य चालत नाही,
त्या राज्याची गाडी पैसे मागते.
पिशव्या काखेत मारून चालत जातात.
ज्या दगडावरून आम्ही बाप्यांनी इतकी वर्षं
डोकी फोडली, फलक रंगवले,
तो दगड त्या ओलांडतात
चप्पलचा बंद सारखा करत.

रात्री डेपोत हिशेब: शून्यं एकशे चौदा.
कारकून हुक्केरीमठ विचारतो, "कलेक्शन इष्टे?"
एवढंच, मी म्हणतो.
शून्याचे पैसे सरकार भरतं, भरतं तेव्हा.
माझा फरक दोन वर्षं अडकलाय,
त्यावर मीही कुरकुरतो, घरी, जेवताना.

गाडी झाडताना सीटखाली एक तिकीट सापडलं.
मागं पेनानं हिशेब: नऊ किलो, दर सत्तावीस,
बेरीज दोनशे तेहतीस.
कडेला काळा ठसा, गुळगुळीत, रेषा नसलेला.
दहा रुपये तिनं स्वतःचेच कमी लिहिलेत.
तेहतीस खोडून त्रेचाळीस केले,
तिकीट वरच्या खिशात ठेवलंय.
उद्या येईलच ती.